ओल्या रानात तहानलेला ऊस

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे खारवट जमिनीविषयी इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. पत्रे उसाच्या पट्ट्यातून आली, कोकणातल्या खारातून (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांतून) आली आणि एक शहरातल्या गच्चीवरूनही आले. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी झाडाची अडचण सगळीकडे एकच आहे. त्याला पाणी हवे असते, पण त्या पाण्याबरोबर येणारे मीठ नको असते. ही निवड त्याला मुळाच्या दारातच करावी लागते आणि त्यासाठी स्वतः बनवलेली साखर खर्चावी लागते. पुढच्या सगळ्या उत्तरांत या खर्चाचा हिशेब येत राहील, म्हणून ती क्रमाने वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न : आमचे रान नदीकाठी, पाटाच्या पाण्याखाली आहे. खालच्या अंगाला पाय रुतेल एवढी ओल असते, तरी तेथला ऊस दुपारी पाने गुंडाळून घेतो आणि जुन्या पानांचे शेंडे करपतात. शेजारी म्हणतात, पाणी वाढवा. काय करावे?
(शिरोळ तालुक्यातील एक ऊस उत्पादक)

उत्तर : पाणी वाढवू नका, हे पहिल्यांदा सांगतो. शेजाऱ्यांनी सल्ला चांगल्या मनाने दिला असला, तरी त्याने रान आणखी बिघडेल.

मूळ पंपासारखे पाणी ओढून घेते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी सरकते. पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन वरून ताण देते हे खरे, पण मातीतल्या पाण्यात मीठ वाढले की त्या ताणाला तेवढ्याच प्रमाणात विरोध होतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी सुटते. तेथे मिठाने फोडीतले पाणी बाहेर ओढलेले असते. आपल्या रानात तेच मीठ मुळाच्या बाहेर बसून पाणी धरून ठेवते आहे. माती हाताला ओली लागते, पण ते पाणी मुळाला सहज मिळत नाही.

हे किती जड जाते ते आकड्यात पाहू. प्रयोगशाळेत मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मोजतात आणि ती डेसीसायमन प्रति मीटर या एककात देतात. ती ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरली जाते. ४ हा आकडा लहान वाटतो, पण तो लिटरभर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅम मीठ असण्यासारखा आहे, आणि तेवढ्या मिठाची पाण्यावरची पकड वीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढी असते. वाफसा होऊन मातीतले पाणी निम्म्यावर आले की हीच पकड दुप्पट होते. दुपारच्या उन्हात उसाला तेवढा जोर पुरत नाही, म्हणून तो पर्णरंध्रे मिटतो आणि पाने गुंडाळतो. पर्णरंध्रे मिटली की कर्बवायूही आत येत नाही, त्यामुळे साखर कमी बनते आणि कांडी आखूड राहते. ही पहिली इजा मिठाच्या विषाची नसून तहानेची आहे.

शेंडे करपणे ही दुसरी इजा आहे. ती सावकाश होते आणि तिचे कारण वेगळे आहे. झाड स्वतःच्या पानांत जेवढे पाणी ठेवते, त्याच्या सुमारे पन्नास पट पाणी हवेत सोडून देते, पण मीठ काही हवेत जात नाही. मुळाने मातीतल्या पाण्यातले सगळे मीठ आत येऊ दिले असते, तर पानातले मीठ मातीतल्यापेक्षा पन्नास पट झाले असते. म्हणून मूळ शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव भाग मीठ बाहेरच थोपवते. उरलेले दोन भाग पाण्याबरोबर वर चढतात आणि पानांत साचत जातात. जे पान जास्त दिवस जगले, त्यात साठा जास्त. आणि पानातही जेथे पाण्याचा प्रवास संपतो त्या शेंड्याला व कडेला तो सर्वांत जास्त. म्हणूनच आपल्या उसाची पोंग्याजवळची पाने हिरवी आहेत आणि खालची करपली आहेत. पानांच्या पेशींत पोटॅशियमवर चालणारी पन्नासाहून अधिक विकरे (एन्झाइम) असतात. सोडियम रूपाने पोटॅशियमच्या इतका जवळचा की तो त्याच्या जागी जाऊन बसतो, पण त्याचे काम मात्र करत नाही.

आता हे मीठ आले कोठून? बरेचसे आपणच घातले आहे, आणि हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. पाटाच्या पाण्याची वाहकता ०.५ असली तर ते पाणी उत्तम समजले जाते. तरी त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ०.३ ग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षभरात दोन मीटर खोलीचे पाणी दिले तर एकरी ऐंशी लाख लिटर पाणी होते आणि त्याबरोबर अडीच टन क्षार रानात येतात. ऊस पाणी घेतो आणि क्षार मागे ठेवतो. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते खाली धुऊन जातात. निचरा नसेल तर भूजल वर चढते, आणि ते जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आले की भारी काळी माती वातीसारखी ते पाणी वर ओढते. पाणी उडून जाते आणि जमिनीला मीठ फुटते.

एखाद्या सकाळी रानात बसून पाहावे. पांढरा थर सरीत नसतो, वरंब्याच्या माथ्यावर असतो, कारण पाणी सरीतून वरंब्यावर चढून तेथे वाळते. भाजीपाल्याची रोपे अशा रानात माथ्यावर लावली तर ती मिठाच्या ढिगातच लावल्यासारखी होतात. वरंब्याच्या बगलेत लावलेली रोपे तगतात. उसापुरते सांगायचे तर, मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये जगभरच्या प्रयोगांवरून केलेल्या तक्त्यानुसार वाहकता १.७ च्या पुढे गेली की दर एककाला उसाचे उत्पादन सुमारे ५.९ टक्क्यांनी घटते. म्हणजे ५ वर एक-पंचमांश ऊस गेलेला असतो, आणि तोही शेत अजून हिरवे दिसत असताना. उपायाचा भाग सर्वांत शेवटच्या उत्तरात आला आहे.

प्रश्न : मुळाला जीभ नाही, मेंदू नाही. मग माती खारट आहे हे त्याला कळते तरी कसे? की ते नुसते इजा सोसते आणि आपण त्याला ‘प्रतिसाद’ म्हणतो?
(सातारा येथील बारावीची एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपण शंकेचा उत्तरार्ध लिहिला याचा मला फार आनंद झाला, कारण शास्त्रज्ञांपुढेही बरीच वर्षे हाच प्रश्न होता. इजा होण्याआधी, अवघ्या काही सेकंदांत मूळ हालचाल सुरू करते, एवढे दिसत होते. पण नेमके कशाने?

मिठाच्या पाण्यात दोन गोष्टी एकत्र असतात आणि मूळ त्या वेगवेगळ्या ओळखते. एक म्हणजे पाणी दुर्मिळ झाले आहे ही गोष्ट. ती साखरेच्या दाट द्रावणातही असते. दुसरी म्हणजे सोडियमचे आयन. पाण्याची ओढ वाढली की पेशीपटलावर ताण येतो आणि त्या ताणाने उघडणारी कॅल्शियमची एक वाट पटलात असते. ‘ओस्का-१’ नावाची ही वाट २०१४ मध्ये सापडली. सोडियमचे कोडे त्यानंतर पाच वर्षांनी, २०१९ मध्ये सुटले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील झेन-मिंग पेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अरॅबिडॉप्सिस’ या मोहरीच्या कुळातील लहानशा तणावर काम करून असे दाखवले की, पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला साखरेची शेपटी लागलेले काही स्निग्ध रेणू असतात आणि सोडियमचे आयन त्यांना थेट चिकटतात. ते चिकटले की कॅल्शियमची वाट उघडते. हे रेणू तयार करणारे विकर ज्या रोपांत बिघडलेले होते, त्यांना मीठ ‘कळत’ नव्हते. ती गाफील राहून जास्त लवकर मरत होती. प्रतिसाद आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा आठवत नाही.

पेशीत कॅल्शियम एकदम वाढणे हा जणू घंटानाद असतो, आणि तो एका पेशीपुरता राहत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात सायमन गिलरॉय यांच्या गटाने २०१४ मध्ये मुळाच्या टोकावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून कॅल्शियमची लाट वर खोडाकडे जाताना पाहिली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ०.४ मिलिमीटर होता. या वेगाने दहा सेंटिमीटरचे अंतर चार-सव्वाचार मिनिटांत कापले जाते. मज्जातंतू नसलेल्या जिवाच्या मानाने हा वेग थोडा नाही. पानाला अजून मिठाचा एक कणही पोचलेला नसतो, तेवढ्यात बातमी पोचलेली असते.

घंटा वाजल्यावर काय होते? मुळाच्या पेशीत कॅल्शियम एका प्रथिनाला चिकटते, ते दुसऱ्याला जागे करते आणि दुसरे तिसऱ्याला. हे तिसरे प्रथिन पेशीपटलात बसलेले असते आणि आत आलेला सोडियम बाहेर फेकते. जियान-कांग झू यांच्या गटाने १९९० च्या दशकात ही साखळी उलगडायला सुरुवात केली. ज्या रोपांत ती तुटली होती ती मिठाला अतिशय हळवी होती, त्यावरून साखळीला ‘एसओएस’ (‘सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह’ची आद्याक्षरे) हे नाव पडले. पण सोडियम बाहेर फेकणे फुकट होत नाही. एक सोडियम बाहेर जाताना हायड्रोजनचा आयन आत येतो आणि तो पुन्हा बाहेर ढकलायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा पानाने बनवलेल्या साखरेतून येते. आणि पाने तर पर्णरंध्रे मिटून बसलेली असतात. खारट जमिनीतले झाड खुजे का राहते, याचे अर्धे उत्तर या अडचणीत आहे.

मूळ आणखी एक गोष्ट करते, जी मला सर्वांत विलक्षण वाटते. ते वळते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, एका बाजूला मीठ असेल तर अरॅबिडॉप्सिस, टोमॅटो आणि ज्वारीची मुळे गुरुत्वाची दिशा सोडून मिठापासून दूर वाकतात. ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या मीठ नसलेल्या बाजूला जास्त जमते, ती बाजू हळू वाढते आणि मूळ तिकडे झुकते.

घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एका वाटीत साधे पाणी, दुसरीत लिटरला २.३ ग्रॅम या हिशेबाने मीठ घातलेले पाणी आणि तिसरीत त्याच्या तिप्पट मीठ घातलेले पाणी घ्यावे. प्रत्येकात ओल्या केलेल्या फडक्यावर वीस-वीस मूग ठेवून झाकावे आणि तीन दिवस रोज सकाळी मोडांची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहावी. मोड सगळ्यात येतील, पण ते किती उशिरा आले आणि किती आखूड राहिले यात वरची सगळी कथा दिसेल.

प्रश्न : खाडीकाठच्या तिवराच्या पानांवर उन्हाळ्यात पांढरे कण दिसतात. चाटून पाहिले तर खारट लागतात. झाड मीठ थुंकते असे आमचे आजोबा म्हणत. खरे आहे का?
(रत्नागिरी येथील एक वाचक)

उत्तर : आजोबांचे निरीक्षण अगदी खरे आहे. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन पहाटे तिवराचे पान पाहिले, तर पृष्ठभागावर बारीक ओले ठिपके दिसतात आणि ऊन वर आले की त्यांचे चौकोनी स्फटिक होतात. पानाच्या त्वचेत मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रसातले मीठ वेचून बाहेर टाकतात. मात्र तिवरही बहुतेक मीठ मुळाशीच अडवते. ग्रंथींकडे येते ते त्यातून निसटलेले. शेजारच्या कांदळाला अशा ग्रंथी नसतात. तो जवळजवळ सगळी भिस्त मुळांवर ठेवतो. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी गाळून घ्यायला सुमारे पंचवीस वातावरणांचा ताण लागतो. खारफुटीच्या खोडातला रस त्याहूनही जास्त ताणाखाली असतो, हे पेर शोलँडर यांनी १९६५ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवले.

मोरसासारख्या खाडीकाठच्या मांसल वनस्पतींचा मार्ग तिसराच. त्या मीठ आत घेतात, पण पेशीच्या मधोमध असलेल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, कोंडून ठेवतात, आणि पाणी धरून ठेवण्यासाठी त्याच मिठाचा उपयोग करतात. बाहेरच्या पेशीरसात मात्र प्रोलीन, ग्लायसीन बीटेन असे निरुपद्रवी पदार्थ साठवून तोल राखतात. मोरसाची भाजी करणाऱ्या बायका पाने उकळून पाणी ओतून देतात आणि वरून मीठ घालताना हात आखडता घेतात, त्यामागे ही रिक्तिका आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी उधाणाने आमच्या खाराच्या बांधाला खांड गेली. बांध दुरुस्त करून भात लावले, तर घाटावरून आणलेले संकरित बियाणे जळून गेले आणि जुने खारे भात तगले. हे भात मीठ खाऊन वाढते का? आणि समुद्राच्या पाण्यावर वाढणारे भात कधी निघेल का?
(पेण तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : नाही, मीठ कोणत्याच भाताला आवडत नाही. भात हे मुळात मिठाला हळवे पीक आहे. वाहकता ३ च्या पुढे गेली की दर एककाला सुमारे १२ टक्के उत्पादन जाते. खाऱ्या भाताचे कसब मीठ खाण्यात नसून ते पानांपर्यंत पोचू न देण्यात आहे. मुळातून वर जाणाऱ्या जलवाहिनीत सोडियम शिरला, तर वाटेतच तो बाजूच्या पेशींत ओढून घेणारे एक प्रथिन असते. त्याचे जनुक २००५ मध्ये बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या जुन्या वाणात सापडले. केरळच्या किनाऱ्यावरील ‘पोक्काली’ या वाणात पहिल्या गुणसूत्रावरील त्याच भागात ‘साल्टॉल’ नावाचा सहनशीलतेचा पट्टा आहे, आणि आज अनेक सुधारित वाणांत तो संकराने आणला जातो. पोक्काली उंच आणि भराभर वाढणारे असल्याने आत आलेले मीठ मोठ्या देहात विरळही होते. शेकडो वर्षे खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी जगलेल्या लोंब्यांतून बियाणे राखले, त्याची ही पुण्याई आहे. गोव्याच्या खाजनातला, म्हणजे तेथल्या खारातला, ‘कोरगुट’ हाही त्याच परंपरेतला. आपल्याकडे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने दिलेले पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण खारासाठीच आहेत. बियाणे बदलायचेच असेल तर ते आधी पाहावेत आणि घरचे खारे बियाणेही सोडू नये.

वाणाइतकेच महत्त्व वेळेला आहे. भात उगवताना मिठाला बऱ्यापैकी दाद देत नाही. मग दोन-तीन पानांचे रोप असताना ते फार हळवे होते, फुटवे येताना पुन्हा सावरते आणि निसवताना व फुलोऱ्यात परत हळवे होते. म्हणून रोपवाटिका खाराबाहेर गोड्या जमिनीत असावी, रोप महिनाभराचे होऊ द्यावे आणि एका चुडात एक-दोन रोपे अधिक घ्यावीत. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस हाच खाराचा खरा वैद्य आहे. पहिल्या पावसाचे पाणी रानात साठवून ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या फळ्यांच्या दारातून) सोडून द्यावे, पुन्हा साठवावे, पुन्हा सोडावे, आणि पाणी जिभेला सपक लागेपर्यंत लावणीची घाई करू नये. उघाडीच्या फळ्या भरतीला नीट मिटतात का, हे मात्र दर उधाणाला जाऊन पाहिले पाहिजे. खांड गेल्यावर दोन पावसाळे उत्पादन कमी येणे स्वाभाविक आहे, त्याने निराश होऊ नये.

समुद्राच्या पाण्याविषयी मी आशा दाखवणार नाही. रिक्तिकेत सोडियम कोंडणारे प्रथिन जास्त बनवणारा टोमॅटो २००१ मध्ये तयार झाला आणि समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश खारट पाण्यावर त्याला फळेही लागली, पण तो काचघरातला प्रयोग होता. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्राचीन नात्यातल्या गव्हाचे एक जनुक साध्या संकराने बन्सी (ड्युरम) गव्हात आणले, तेव्हा खारट शेतात उत्पादन पाव हिश्श्यापर्यंत वाढले. हे यश खरे आणि मोठे आहे, पण ते खारवट जमिनीसाठी आहे. समुद्राच्या पाण्यातून पाणी गाळण्यातच भाताची सगळी साखर संपेल आणि दाण्यात भरायला काही उरणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी जड म्हणून ते मऊ करणारे यंत्र बसवले. तेव्हापासून गच्चीवरच्या कढीपत्त्याचे आणि गुलाबाचे शेंडे करपू लागले. पाणी तर आता चांगले झाले ना?
(पुण्यातील एक वाचक)

उत्तर : नळासाठी आणि कपड्यांसाठी चांगले झाले, कुंड्यांसाठी वाईट झाले. हे यंत्र पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. मुळाला सोडियम थोपवायला कॅल्शियमचीच मदत लागते. येथे मदत काढून घेतली आणि त्रास वाढवला. झाडांसाठी यंत्राच्या अलीकडून, जड पाण्याचाच नळ काढून घ्यावा. साचलेले मीठ घालवण्यासाठी पावसाचे पाणी कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतके घालावे आणि ताटलीत जमलेले पाणी फेकून द्यावे.

प्रश्न : रान क्षारपड झाले म्हणून दोन वर्षे जिप्सम टाकले. खर्च खूप झाला, फरक काहीच नाही. जिप्सम खोटे का?
(वाळवा तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : आपला खर्च वाया गेला याचे वाईट वाटते, आणि हे अनेकांच्या बाबतीत घडते. जिप्सम खोटे नाही; ते एका ठरावीक आजाराचे औषध आहे, आणि आपण ‘क्षारपड’ या एका शब्दात दोन आजार सांगतो.

पहिला आजार क्षारयुक्त जमिनीचा. मीठ पाण्यात विरघळलेले असते, वर पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत राहते आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असतो. येथे जिप्सम टाकणे म्हणजे क्षारांत आणखी एका क्षाराची भर. दुसरा आजार चोपण जमिनीचा. त्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या आयनांतला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांच्या वर आणि सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. सोडियमने भारलेले चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रे बुजवतात. पाणी आठवडाभर वर उभे राहते, ओली माती साबणासारखी लागते, वाळली की दगड होते. मुळाला येथे मिठाबरोबर हवेचाही तुटवडा पडतो. हवा नाही म्हणून ऊर्जा नाही, आणि ऊर्जा नाही म्हणून सोडियम बाहेर फेकणारी ती साखळीही मंदावते. पाणथळ आणि खारट या दोन गोष्टी एकत्र आल्या की पीक दुपटीहून जास्त खचते ते यामुळे.

रानातले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडावे आणि न हलवता काही तास ठेवावे. ढेकूळ विरघळून भोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर जमीन चोपण आहे. ढेकूळ फुटले पण पाणी निवळ राहिले, तर चोपण नाही, किंवा क्षार अजून इतके आहेत की चोपणपणा झाकला गेला आहे. त्यामुळे हा प्रयोग केवळ अंदाजासाठी. निर्णय माती परीक्षणावरच घ्यावा, आणि नमुना वरच्या वीतभर मातीचा वेगळा व दोन फुटांखालचा वेगळा द्यावा.

जमीन चोपण असेल तर जिप्सममधला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात येतो. आता त्याला रानाबाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर उन्हाळ्यात तो पाण्याबरोबर पुन्हा वर येतो आणि केलेले सगळे उलटते. आपल्या पत्रावरून मला हीच शंका आहे. म्हणून आधी चर आणि निचरा, मग जिप्सम, आणि तेही परीक्षणात सांगितलेल्या मात्रेने, वरच्या थरात मिसळून, त्यावर भरपूर गोडे पाणी किंवा पावसाळा, हा क्रम सोडू नये. ज्या काळ्या रानात चुनखडी भरपूर आहे तेथे गंधकही चालते, कारण जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल रानातल्याच चुनखडीतून कॅल्शियम मोकळे करते. धैंचा हे हिरवळीचे पीक पेरून फुलोऱ्यात गाडल्यानेही माती उकलते.

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. कर्नालची मध्यवर्ती मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून या कामात आहे, आणि आपल्याला जवळचे असे राहुरी कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज येथील केंद्र काळ्या मातीतल्या निचऱ्याचा सल्ला देऊ शकते. भारी जमिनीत मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या टाकून क्षारांचे पाणी बाहेर काढणे हा पक्का उपाय आहे, पण तो एकट्याने होत नाही. नळीचे तोंड नाल्यात सोडायचे तर वाटेतल्या चार शेजाऱ्यांची संमती लागते, आणि नाला साफ नसेल तर पावसाळ्यात पाणी उलटे रानात येते. तेच पाणी पुढे नदीत जाते आणि खालच्या गावाच्या पंपातून त्यांच्या रानावर येते, याचाही विचार बांधावर बसून सगळ्यांनी मिळून करायला हवा. आधीच्या उत्तरातला पाण्याचा हिशेब येथे कामाला येतो. वरून येणारे पाणीच निम्मे केले, सरीऐवजी ठिबक घेतले, तर बाहेर काढायचे क्षारही तेवढे कमी होतात. ठिबकने क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जमतात, म्हणून पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद करू नये. नाही तर तो पाऊस कडेचे मीठ थेट मुळांत ढकलतो.

नळ्या टाकल्यावर महिन्यातून एकदा तोंडाशी बाटली धरून पाणी घ्यावे आणि त्याची वाहकता तपासून तारखेसह लिहून ठेवावी. पहिल्या पावसाळ्यात ती वाढलेली दिसली तर घाबरू नये. ते आपल्या रानातले मीठ बाहेर पडत असते.